शर्टातला वास किती दिवस टिकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांचा एक न धुतलेला शर्ट कपाटात जपून ठेवला आहे. सुरुवातीला कपाट उघडलं की बाबा खोलीत आल्यासारखं वाटायचं. मग रोज झोपताना तो नाकाशी धरायची सवय लागली. आता वास येतो, पण बाबा येत नाहीत. वास उडून गेला का? उरलेला टिकवता येईल का? आणि कुणाकडून हुबेहूब तसाच वास बनवून मिळेल का?

मी सत्तावीस वर्षं सुगंध बनवण्याच्या धंद्यात आहे. साबण, शाम्पू, दाढीचं क्रीम, क्वचित अत्तर, यांत जे वास घातले जातात त्यांची सूत्रं लिहिते. तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत, पण त्याआधी एक सांगते. आज रात्री शर्ट नाकाशी धरू नका. उद्याही नको. शर्टातला वास थोडा कमी झाला असेल, पण तुमचं जे हरवलंय ते बहुतेक शर्टातून हरवलेलं नाही. ती आठवण रोजच्या वापराने झिजली आहे.

हे मी स्वतःवरून सांगते. लहानपणी एका सुट्टीत मी वाळलेल्या गवताच्या गंजीवर दुपारभर लोळत असे. पुढे कितीतरी वर्षं कुठेही सुक्या गवताचा वास आला की ती दुपार अंगावर यायची. पाठीला टोचणाऱ्या काड्या, डोळ्यांवरचं ऊन, सगळं. धंद्यात शिरले तेव्हा पहिल्याच महिन्यात कुमारिनची बाटली हातात आली. पांढरे स्फटिक, आणि त्यांचा वास म्हणजे तीच गंजी. हा पदार्थ प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला विल्यम पर्किनने, १८६८ साली, आणि आधुनिक अत्तरांचा पायाच त्याने घातला असं म्हटलं तरी चालेल. मी त्या दिवशी बाटली हुंगली आणि डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या माझ्या वरिष्ठ बाई हसल्या. म्हणाल्या, "मजा करून घे, सहा महिन्यांत संपेल."

चार महिन्यांत संपलं. कुमारिन रोज हुंगायचं, कशात किती टक्के बसतं ते बघायचं, लव्हेंडरबरोबर, ओकमॉसबरोबर (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल), एकटं. आज कुमारिन नाकाशी आलं की मला एवढंच कळतं की कुमारिन आहे, आणि जरा जास्त पडलंय. गंजी गेली. वास तोच, बाटलीही तशीच. पण त्या वासाला आता दुपारीऐवजी ऑफिसातलं टेबल, वजनकाटा आणि ब्लॉटरच्या, म्हणजे वास हुंगायच्या कागदाच्या, पट्ट्या चिकटल्या आहेत. आमच्या धंद्यात जवळपास प्रत्येकाने असा एखादा वास गमावलेला असतो. तो परत मिळाल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

तुमच्या शर्टाचं नेमकं तेच होतंय. पहिल्या आठवड्यात त्या वासाला फक्त बाबा जोडलेले होते. आता त्याला गेल्या दोनशे-अडीचशे रात्री जोडल्या गेल्यात: तुमची उशी, तुमचं रडणं, कपाटाच्या दाराची करकर. नाक कुठला एक अनुभव निवडणार?

यामागचं शास्त्र थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढचे उपाय का करायचे ते आपोआप कळेल.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंना पोस्टाच्या तिकिटाएवढा एक चट्टा असतो. वास टिपणाऱ्या चेतापेशी तिथे जवळपास उघड्यावर असतात, वर फक्त पातळ श्लेष्मा. मेंदूच्या पेशींनी बाहेरच्या हवेला इतकं जवळून भिडावं असं शरीरात दुसरीकडे कुठे होत नाही. या पेशींवर वेगवेगळ्या रेणूंना ओळखणारी ग्राहकं असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार चालू स्थितीत आहेत. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. रंग बघायला डोळ्याला तीन प्रकारच्या शंकुपेशी पुरतात, हे लक्षात घेतलं की ४०० हा आकडा केवढा ते समजतं. एखादा वास म्हणजे या चारशेतल्या काही कळा एकदम दाबून वाजलेला सूर.

आता गंमत पुढे आहे. दिसणं, ऐकणं, स्पर्श, यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या चौकीत थांबतात आणि मग पुढे जातात. वासाला ही चौकी वाटेत लागत नाही. तो नाकाच्या मागच्या गंधकंदातून जवळजवळ सरळ अमिग्डालाला, म्हणजे भावना पेटवणाऱ्या भागाला भिडतो, आणि तिथून एका पावलावर हिप्पोकॅम्पस, आठवणींचं कोठार. म्हणून वासाच्या बाबतीत क्रम उलटा होतो. फोटो बघितला की आधी ओळख पटते, मग भरून येतं. वास आला की आधी भरून येतं, आणि हा कशाचा वास, हे शोधायला आपण नंतर धावतो. कित्येकदा ते सापडतच नाही. नाव जिभेवर आणि वास नाकात, आणि दोघांची भेट होत नाही.

यातून एक गैरसमज मात्र पसरला आहे, की वासाने आलेली आठवण जास्त खरी असते. तसं नाही. रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरंच काम केलंय. वासाने जागी झालेली आठवण चित्राने किंवा शब्दाने जागी झालेल्या आठवणीपेक्षा जास्त अचूक नसते, जास्त भावूक असते. बाबा खोलीत आल्यासारखं वाटलं ते जोरदार होतं. म्हणजे तेवढा तपशील तुमच्याजवळ साठलेला होता असं नाही.

तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचे असे तीन अभ्यास मला आठवतात. डेव्हिड रूबिन आणि सहकाऱ्यांना १९८४ मध्ये असं दिसलं की वासाने वर येणाऱ्या आठवणी या बहुतेक अशा असतात, ज्यांच्याबद्दल माणूस त्याआधी फारसा बोललेला नसतो, विचारही केलेला नसतो. न हाताळलेल्या, म्हणून कोऱ्या. दुसरा २००९ चा, नोम सोबेल यांच्या गटाचा: एखाद्या वासाची पहिल्यांदा ज्या गोष्टीशी जोडी जमते, तिची मेंदूत वेगळी, ठळक नोंद राहते. नंतरच्या जोड्यांना तो मान नाही. म्हणून लहानपणीचे वास एवढे चिवट. तेव्हा बहुतेक वास पहिल्यांदाच भेटत असतात. आणि तिसरा मला सगळ्यात आवडतो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात वायकिंग लोकांच्या वस्तीचं एक संग्रहालय आहे, १९८४ साली उघडलेलं. तिथे जुन्या वस्तीचे वास मुद्दाम सोडतात, चांगले-वाईट सगळे. काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेल्या लोकांना संशोधकांनी संग्रहालयाबद्दल प्रश्न विचारले. ज्यांना तेच वास हुंगायला देऊन विचारलं, त्यांना जास्त आठवलं. मधल्या काळात ते वास त्यांना कुठेही भेटलेले नव्हते, हे महत्त्वाचं. कुठल्या वायकिंगाचा वास रोज भेटतो?

तर पहिला उपाय फुकटचा आहे: अंतर पाडा. पुढे सांगते तसा शर्ट एकदा बरण्यांत भरून झाला, की सहा महिने तरी त्याला हात लावू नका. पहिली नोंद पुसलेली नाही, तिच्यावर नंतरच्या नोंदींचा ढीग पडला आहे. तो जरा बसू द्या. माझ्या कुमारिनला ही सवलत मिळत नाही, कारण माझं पोट त्यावर आहे. तुम्हाला ती घेता येईल.

आता शर्ट. वास खरंच किती उरलाय ते आधी तपासून घ्या, आणि ते तुमच्या नाकाने नको. ओळखीच्या वासाला नाक काही श्वासांतच थकतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, तसंच हे. बाबांना ओळखणारं, पण शर्ट न हुंगलेलं कुणीतरी, भाऊ, काका, शेजारी, त्यांच्याकडून एकदाच हुंगवून घ्या. "आहे" म्हणाले तर आहे. आणि हो, मधे कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं, हे दुकानातलं नाटक आहे. आम्ही स्वतःची बाही हुंगतो, किंवा दार उघडून बाहेर उभे राहतो. बाकीच्या गोष्टींचेही वास जर तुम्हाला फिके वाटत असतील तर शर्टाचा विषय बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कोविडनंतर अनेकांची गंधशक्ती अर्धवट परतली आहे आणि त्यांना ते कळलेलंही नाही.

न धुतलेल्या शर्टात काय काय असतं? साबणाचा आणि क्रीमचा हलका भाग, लिंबासारखा, लव्हेंडरसारखा, पहिल्या काही दिवसांतच उडालेला असतो. जड भाग, कस्तुरीसारखे कृत्रिम वास, लाकडासारखे वास, महिनोन् महिने सुतात बसतात. धुण्याच्या पावडरीतली कस्तुरी तर टिकण्यासाठीच निवडलेली असते. मग माणसाचा स्वतःचा वास. ताज्या घामाला फारसा वास नसतो, काखेतले जिवाणू त्यातून वास तयार करतात, आणि प्रत्येकाचे जिवाणू वेगळे. शिवाय त्वचेचं तेल. वय वाढलं की त्या तेलातून नोनेनाल नावाचा एक रेणू जास्त तयार होतो, असं जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. किंचित खवट, किंचित जुन्या वहीसारखा. आजोबांच्या खोलीचा म्हणून आपण जो वास ओळखतो त्यात तो असतो.

यातली अडचण अशी की हे तेल शर्टातही हवेशी झगडत राहतं आणि खवटत जातं. म्हणजे तुमचा शर्ट स्वतः म्हातारा होतोय. आठ महिन्यांपूर्वी होता त्यापेक्षा आज तो जरा जास्त खवट, जरा जास्त कुबट असणार. त्यात कपाटाच्या लाकडाचा वास मुरतो. आणि डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर आजच काढा, त्यांच्यापुढे दुसरा कुठलाच वास उभा राहत नाही.

साठवण्याची रीत धंद्यातली सांगते. वासाचे चार वैरी: हवा, ऊब, उजेड, ओल. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं अत्तरांचं संग्रहालय आहे, १९९० पासूनचं. तिथे बंद पडलेली, हरवलेली अत्तरं अंधारात, १२ अंशांवर, बाटलीतल्या मोकळ्या जागेत आर्गॉन वायू भरून ठेवतात. आर्गॉन तुम्हाला नको. पण काच हवी. प्लास्टिकची पिशवी वापरू नका. प्लास्टिक वास पितं आणि स्वतःचा देतं. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना हे चांगलं ठाऊक होतं. संशयित माणूस ज्या खुर्चीवर बसला तिथला वास कापडाच्या फडक्यात घेऊन ते झाकणबंद काचेच्या बरण्यांत ठेवत, पुढेमागे कुत्र्याला हुंगवायला. त्या बरण्या आता संग्रहालयांत दिसतात. हेतू ओंगळ होता, पण बरणी बरोबर निवडलेली होती.

तुम्ही शर्टाचे तुकडे करा. वाचून धस्स होईल, पण अख्खा शर्ट एका जागी ठेवला की प्रत्येक वेळी उघडताना अख्ख्याचा वास जातो. कॉलर, काखेखालचा भाग, छातीवरचा भाग, बाहीचं टोक, प्रत्येकाचा वास वेगळा असतो. कॉलरला क्रीम आणि मान, बाहीला हाताचा साबण. एकेका भागाचे दोन-तीन तुकडे. प्रत्येकासाठी छोटी, घट्ट झाकणाची काचेची बरणी, गरम पाण्याने, बिनवासाच्या साबणाने धुतलेली आणि पूर्ण वाळवलेली. झाकणाला रबर असेल तर मधे अॅल्युमिनियमचा कागद घाला. कापड कोरडं असताना, कोरड्या दिवशी भरा. कोरडेपणाची खात्री असेल तर बरण्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, नसेल तर अंधाऱ्या थंड जागी. एक बरणी वर्षातून एकदा उघडायची, दोन-तीन श्वास घ्यायचे, बंद करायची. आणि फ्रिजमधली असेल तर आधी ती बाहेर ठेवून खोलीच्या तपमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरेल. गार कापड वासही कमी देतं, आणि तुम्ही उगाच घाबराल.

हुबेहूब वास बनवून घेण्याबद्दल मी जरा सावध आहे. तंत्र आहे. वस्तूभोवती काचेचं भांडं लावायचं, आतली हवा एका शोषक नळीतून ओढायची, त्यात अडकलेले रेणू यंत्रात वेगळे करून ओळखायचे. याला आम्ही हेडस्पेस म्हणतो. देठावरच्या जिवंत फुलाचा वास असा पकडता येतो, तर शर्टाचाही येतो. पण यंत्राला जे सापडत नाही ते कधीकधी नाकाला सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं. काही रेणू इतक्या कमी प्रमाणात काम करतात की आलेखावर त्यांचा साधा टेंगूळही दिसत नाही.

एकदा मी हे करून पाहिलं आहे. एका बाईंना त्यांच्या वडिलांचा वास हवा होता, जुन्या कोटावरून. मी यंत्राच्या यादीवरून सूत्र बांधलं, घाण वाटणारे दोन-चार पदार्थ वगळले, छान गोल केलं. त्यांनी ब्लॉटर हुंगला आणि सभ्यपणे म्हणाल्या, "चांगलं आहे. एखाद्या भल्या गृहस्थांचा वास आहे." मी खजील झाले. घरी येऊन विचार केला, मी गाळलं काय? ओशट, धुरकट, कुबट, तेच सगळं. परत बसले. चामड्याचा वास, शिळी तंबाखू, केसांच्या तेलाचा खवटपणा, आणि कणभर इंडोल घातलं. इंडोल मोगऱ्यातही असतं आणि विष्ठेतही, प्रमाणाचा काय तो फरक. दुसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. ब्लॉटर पर्समध्ये टाकून निघून गेल्या. पैसे दुसऱ्या दिवशी पाठवले.

तेव्हापासून कुणी आवडते वास विचारले की मी उत्तरं नीट ऐकते. फुलं फार कमी जण सांगतात. पहिल्या पावसाची माती, पेट्रोल, विझलेली काडी, जुनं पुस्तक, बाळाची टाळू. बहुतेक वास एकटे काढले तर नकोसेच. मातीचंच घ्या. तिचा वास मुख्यतः जिओस्मिनचा, मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या रेणूचा. आपलं नाक त्याच्याबाबत विलक्षण तिखट आहे, एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. पावसात तो आला की माणसं खिडकीत जातात. तोच नळाच्या पाण्यात आला की तक्रार करतात. चांगला-वाईट हा शेरा रेणूवर लिहिलेला नसतो, तो आपण कुठे भेटलो यावरून लागतो.

म्हणून वास बनवून घ्यायचाच असेल तर आधी सोपं काम करा. बाबा कुठला साबण, कुठलं क्रीम, कुठलं तेल वापरत ते शोधा आणि प्रत्येकाचा एक नग आजच घेऊन बंद ठेवा. कंपन्या सूत्रं गुपचूप बदलतात, बऱ्याचदा नियमांमुळे. लिलियल नावाचा एक फुलासारखा वास असंख्य साबण-क्रीमांत होता. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि बरेच ओळखीचे वास एका रात्रीत थोडे वेगळे झाले. डब्यावरचं नाव तेच राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि लिहून ठेवा. बरणीत भरण्याआधी एकदा, शेवटचं, शर्ट हुंगा आणि "बाबांसारखा" हा शब्द न वापरता लिहा. मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे: कुबट, खवट, उबट, ओशट, आंबूस, करपट, धुरकट, मातकट, हिरवट, खरपूस. पुष्कळ भाषांना वासासाठी "अमक्यासारखा" याच्या पलीकडे फारसं जाता येत नाही. मलाया द्वीपकल्पातल्या जहाई लोकांच्या भाषेत रंगांसारखे वासांचे स्वतंत्र शब्द आहेत, आणि २०१४ मधल्या एका अभ्यासात त्यांनी वासांची नावं इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी एकमताने सांगितली. आपण त्यांच्याएवढे नाही, पण "कुबट" आणि "उबट" यांत फरक आहे हे आपल्याला कळतं. कॉलर कशी, बाही कशी, पहिल्या श्वासात काय, तिसऱ्यात काय. पुढे कधी कुणी माझ्यासारखी तो वास बांधायला बसली, तर यंत्राच्या आलेखापेक्षा तुमचा हा कागद जास्त उपयोगी पडेल.

बरण्या भरताना एक बरणी जास्तीची घ्या. तिच्यात तसल्याच सुती कापडाचा धुतलेला, कोरा तुकडा टाकून इतरांशेजारीच ठेवा. पुढच्या वर्षी उघडाल तेव्हा आधी ती हुंगा. तिच्यात जो वास असेल तो बरणीचा आणि फ्रिजचा. उरेल तो शर्टाचा.

कात्री लावायच्या आधी खिसे बघून घ्या.